बॉर्डरमामा

भाजी शिजली का, असं आमच्या मेव्हण्यांना विचारलं की ते झाकण उचलून सांगायचे, "नौशेऱ्याला हाय. राजौरी येऊ द्या."

नामदेवराव माझ्या बायकोचे थोरले भाऊ. सत्तावीस वर्षं त्यांनी सरहद्दीजवळच्या एकाच रस्त्यावर रोलर चालवला. अखनूर, सुंदरबनी, नौशेरा, राजौरी, सुरनकोट, पूंछ. निवृत्त होऊन चौसाळ्याला आमच्याच गल्लीत राहायला आले, पण तो रस्ता काही सुटला नाही. जगातली कुठलीही गोष्ट अखनूरहून निघायची आणि पूंछला संपायची. लग्न केलं नव्हतं. "रोलरची चाल बघून कोण पोरगी देतंय, दाजी?" म्हणायचे. गाव त्यांना बॉर्डरमामा म्हणायचं.

एकदा गल्लीतल्या आजारी म्हाताऱ्याला बघायला गेले. नाडी धरली आणि घरच्यांना म्हणाले, "सुरनकोट वलांडलंय." रस्ता कुणालाच पाठ नव्हता, पण अर्थ सगळ्यांना कळला. म्हाताऱ्यालाही. तो पुढं दोन वर्षं जगला आणि मामांशी एक शब्द बोलला नाही.

मी शाळेत मास्तर. मास्तराला अब्रू जरा जास्तच असते. म्हणून केजचे पाहुणे वैशालीला, माझ्या मुलीला, बघायला आले तेव्हा मी मामांना सांगितलंच नव्हतं. तरी ते आले, हातात पेढ्यांचा पुडा घेऊन. मुलाकडं बराच वेळ प्रेमानं बघून म्हणाले, "पोरगं लई चांगलं हाय. वय नौशेऱ्याला हाय, केस तेवढे फुडं पूंछला गेलेत."

बैठकीत कुणी हसलं नाही. मुलाच्या वडिलांनी मला विचारलं, "हे कोण?"

"शेजारी आहेत," मी म्हणालो.

बायको आत चहा करत होती, तिला ऐकू गेलं नाही. मामांना गेलं.

"व्हय, शेजारीच हाय," म्हणाले, पुडा खिडकीत ठेवला आणि निघून गेले.

लग्न जमलं. आता अक्षतांच्या वेळी मुलीला मांडवात आणायचा मान मामाचा. पाहुण्यांना शेजारी सांगितलेल्या माणसाला मी मामा म्हणून कसं उभं करणार? हा गुंता मामांनीच सोडवला. लग्नाच्या सकाळी त्यांच्या घराला कुलूप होतं. कुणीतरी म्हणालं, कपिलधारला देवदर्शनाला जाणाऱ्या जीपमध्ये बसताना दिसले.

बायकोच्या चुलत भावानं वैशालीला मांडवात आणलं. ती चालताना सारखी गेटकडं बघत होती. "एकुलती एक भाची," बायको येईल त्याला सांगत होती, "देव काय आजच पळून चालला होता?" मी तिच्या शेजारीच उभा होतो. पाहुण्यांना पाणी मिळालं का ते बघायला गेलो.

दुसऱ्या दिवशी लाडू घेऊन त्यांच्याकडं गेलो. खुंटीवर नवा कोरा सफारी टांगलेला होता. बाहीला टाचणी तशीच.

"वैशी लई रडली का?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "मी हिला खरं काय ते सांगून टाकतो."

"नका सांगू, दाजी. भावावरचा राग निघून जातो. तिला ऱ्हायचं तुमच्यापाशी हाय."

मला ते पटलं. लगेच पटलं, याचीच आता जास्त लाज वाटते.

भाऊबीजेला बायकोनं ओवाळणीचं ताट केलं नाही. दिवसभर घरात भांडी आपटत राहिली. संध्याकाळी मात्र मला राहवलं नाही. सगळं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. उठून ताट केलं, निरांजन ठेवलं आणि पदराआड धरून त्यांच्या घराकडं गेली.

तासाभरानं परत आली. डोळे सुजलेले. माझ्याकडं न बघताच म्हणाली, "दादानं तुम्हाला जेवायला बोलावलंय."

मी चपला घातल्या. काढल्या. पुन्हा घातल्या.