बांबू न पुरणारं पाणी

गाडेकर तात्या वायरींना नात्यानं हाक मारतात. नावेच्या मोटारीकडं जाणारी जाड वायर ही सासू. सेन्सरची बारीक वायर ही सून. निगेटिव्हची काळी वायर म्हणजे मामा, कारण तो कुणाच्या नजरेत भरत नाही, पण त्याच्यावाचून लग्न लागत नाही. आणि फ्यूज म्हणजे जावई. जरा कमीजास्त झालं की आधी तोच जातो. हे सगळं ते गंमत म्हणून सांगत नाहीत. एकदा मी हसलो, तर हातातली पक्कड खाली ठेवून म्हणाले, "हसू नका शेठ. ह्यांची नाती ज्यानं ध्यानात ठिवली न्हाईत, त्यानं घरं पेटवून घेतली."

मी शेठबीठ कुणी नाही. भिंगारमध्ये माझं चष्म्यांचं छोटं दुकान आहे. पण तात्यांच्या हिशेबात ज्याच्या मालकीची नाव आहे तो शेठ. आता ही नावसुद्धा पुरती माझी नाही, अर्धी माझ्या मित्राची, दिलीपची. आम्हा दोघांना गळ टाकून बसायचा नाद आहे. हा नाद घरच्यांना आवडत नाही आणि माशांनाही फारसा त्रास देत नाही. दिवसभर उन्हात बसून हात हलवत परत यायचं, असं बरीच वर्षं चाललं होतं. शेवटी दिलीपच्या जावयाला आमची दया आली आणि त्यानं मासे शोधायचं यंत्र आणून दिलं.

यंत्र म्हणजे एक पडदा आणि एक काळा ठोकळा. ठोकळा नावेच्या मागच्या बाजूला पाण्यात बुडेल असा बसवायचा. तो पाण्यात आवाज सोडतो, तळावर आपटून परत आलेला आवाज ऐकतो आणि पडद्यावर पाण्याची खोली दाखवतो. मध्ये मासे असतील तर तेही दिसतात. आम्ही त्या ठोकळ्याला सेन्सर म्हणायचो. तात्या त्याला कान म्हणतात, आणि खरं सांगायचं तर तेच बरोबर आहे.

प्रश्न होता तो बसवायचा कुणी. मोबाईल दुरुस्त करणाऱ्यानं हात जोडले. गाड्यांच्या इलेक्ट्रिशियननं "पाण्यातलं आपण घेत नाही" म्हणून विषय संपवला. मग कुणीतरी आमच्याच मागच्या गल्लीतल्या गाडेकर तात्यांचं नाव सांगितलं. मूळचे पाथर्डीकडचे, सगळी नोकरी लष्कराच्या हद्दीत सिव्हिलियन वायरमन म्हणून झालेली, आता निवृत्त. बायको वारलेली, मुलगी सासरी, दोन खोल्यांत एकटेच राहतात. दिवाळीनंतर ते आमच्या अंगणात आले, ट्रेलरवरच्या नावेभोवती एक चक्कर मारली, बुडाला हात लावून बघितला आणि म्हणाले, "बसवतो. मजुरी तुमी द्याल ती. पन नाव पान्यात घातली की येकदा मी म्हनंल तितं न्यायची."

एवढंच ना, म्हणून आम्ही हो म्हणालो. यंत्रासोबतच्या कागदावर लिहिलं होतं की हे काम अर्ध्या दिवसात होतं. तो कागद लिहिणाऱ्याला तात्या माहीत नव्हते.

पहिला आठवडा भोकावरून गेला. सेन्सर बसवायला नावेला भोकं पाडावी लागतात. तात्यांनी साफ नकार दिला. "चांगल्या नावंला भोक पाडाया मी काय तिचा दुश्मन हाय?" त्यांनी फायबरचीच एक फळी कापली, घासली, नावेच्या मागच्या बाजूला चिकटवली आणि सगळे स्क्रू त्या फळीत बसवायचं ठरवलं. चिकटवलेली फळी वाळायला एक दिवस पुष्कळ झाला असता. तात्या म्हणाले, "नांदू द्या."

हा त्यांचा लाडका शब्द. नवा जोड दिला की तो दोन दिवस नांदू द्यायचा. मग येऊन ओढून बघायचं. सुटला तर पुन्हा द्यायचा, न सुटला तर आणखी दोन दिवस, कारण न सुटणाऱ्यावर जास्त नजर ठेवावी लागते. रोज सकाळी दहाच्या सुमारास तात्या यायचे, एखादा जोड ओढून बघायचे, माझ्या बायकोच्या, सुमनच्या हातचा चहा घ्यायचे आणि "आज इतकंच" म्हणून जायचे. मी दुकानात चिडचिड करायचो. दिलीप फोनवर करायचा.

एका रविवारी दिलीपचा धीर सुटला. तात्या यायच्या आत त्यानं स्वतःच सगळ्या वायरी एका पाईपात कोंबल्या, सेन्सर आमच्या पाण्याच्या टाकीत सोडला आणि नावेची मोटार चालू केली. पडद्यावर मासेच मासे. वर, खाली, आडवे, उभे. आम्ही दोघंही टाकीत वाकून बघायला लागलो, हे लिहितानाही मला लाज वाटते. तेवढ्यात तात्या आले. पडदा बघितला, पाईप बघितला आणि म्हणाले, "सासू तोंड सोडून बसल्याव सुनंला काय ऐकू यायचं? उगं भास हुत्यात तिला." मग दोन वायरी नावेच्या दोन बाजूंनी नेल्या आणि पडद्याजवळ त्यांची गाठ पडायचीच तर काटकोनात पडेल अशी सोय केली. मासे गायब झाले. त्याऐवजी तात्यांनी सुमनकडून एक दोडका मागून घेतला, दोरीला बांधून टाकीत सोडला आणि पडद्यावर हलणारी रेघ आम्हाला दाखवली. "दोडका दिसला. मासाबी दिसंल." दोडका परत करायला गेले, तेव्हा सुमननं तो त्यांनाच घरी नेऊन शिजवायला सांगितलं.

इथं काम संपायला हवं होतं. पण तात्यांचं खरं काम आता सुरू झालं. त्यांना मासे नकोच होते. त्यांना खोली हवी होती, आणि ती नेमकी. "मासा चुकला तर चालंल, खोली चुकाया नगं," असं ते म्हणायचे. आम्हाला घेऊन ते दिलीपच्या शेतातल्या विहिरीवर गेले. दगड बांधलेली दोरी सोडली, दोरीवर गाठ मारली, सुमनच्या शिवणाच्या टेपनं मोजली आणि मग यंत्र सोडलं. वीतभर फरक आला. म्हणाले, "कान पान्याच्या खाली वीतभर हाय. ती वीत कुनी धरायची?" यंत्रात तीसुद्धा सोय निघाली. ती शोधण्यात माझी नजर गेली. मग दुसऱ्या बाजूनं मोजलं. मग पुन्हा पहिल्या बाजूनं.

दिलीप तिथंच उखडला. "तात्या, आम्हाला मासे धरायचेत. तळाला जाऊन राहायचं नाहीये!"

तात्या दोरी गुंडाळत राहिले. दुसऱ्या दिवशी आमच्या अंगणात चहा घेताना सुमननंच विचारलं, "तात्या, तुम्हाला खोलीचं एवढं काय पडलंय?"

त्यांनी कप खाली ठेवला. "वैनी, आमची पारू पान्याला लई भ्यायची. पाथर्डीकडची ती बी, पानी बघितलंय कुटं? गंगंव नेली तरी घोट्याच्या वर जायाची न्हाई. म्हनायची, पाय टेकला न्हाई की माझा जीव जातो. श्रावनात गेली. मी प्रवरासंगमाला राख घेऊन गेलो, तर पानी ही एवढं! नावाड्यानं पार आत नेलं. मी विचारलं, बाबा, हितं किती पानी? तर म्हनला, बांबू पुरत न्हाई." त्यांनी कप जागच्या जागी फिरवला. "आता बांबू पुरत न्हाई म्हंजे किती? दोन बांबू? धा बांबू? त्याला लई डाव विचारलं, त्यो आपला 'लई हाय' म्हनतो. रातीला पडलं की तेच येतं डोक्यात. नेमकं किती ते येकदा कळलं म्हंजी झालं."

मी ते दिलीपला सांगितलं. त्या दिवसापासून त्यानं घाईचा शब्द काढला नाही. उलट विहिरीवर पुन्हा जायचं का म्हणून तोच विचारू लागला. त्यामुळे काम आणखी लांबलं, होळी झाली, पाडवा झाला आणि नाव पाण्यात पडायला ऐन उन्हाळा उजाडला.

घोडेगावला चहा घेऊन आम्ही प्रवरासंगमाला पोचलो आणि बघतच राहिलो. पावसाळ्यात संगमापर्यंत फुगून येणारं धरणाचं पाणी पार मागं सरकलं होतं. श्रावणात जे पाण्याखाली असतं, त्या गाळाच्या जमिनीवर लोकांनी कलिंगडं लावली होती. नाव उतरवायलाच अर्धा फर्लांग पुढं जावं लागलं. तात्या धुतलेला सदरा आणि टोपी घालून पडद्यासमोर बसले. जागेची खूण त्यांनी मनात धरून ठेवली होती: देवळाचं शिखर आणि पुलाचा काठाकडून तिसरा खांब एका रेषेत, आणि डाव्या हाताला पिंपळ.

नदीच्या धारेत यंत्र छान बोलत होतं. चौदा फूट, सोळा फूट. एक मोठा मासा पडद्यावरून गेला, इतक्या वर्षांत आम्हाला दिसलेला पहिला. दिलीपनं त्याच्याकडं बघितलं आणि गळाच्या पेटीला हातही लावला नाही. मग तात्यांनी पलीकडच्या काठाकडं हात केला. नऊ फूट. सहा. चार. तात्या मान वर करून शिखर आणि खांब जुळवत होते. ते जुळले आणि पडद्यावरचा आकडा लुकलुकायला लागला. मग तो गेलाच.

"बिघडलं," दिलीप म्हणाला. त्याचा आवाज अगदी रडवेला झाला होता.

"न्हाई बिघडलं," तात्या म्हणाले. "कानाखाली तेवढं पानीच न्हाई."

मी मोटार वर उचलली. नावेचं बूड गाळाला हळूच लागलं. पिंपळ बरोबर डाव्या हाताला होता. तात्या बराच वेळ पाण्याकडं बघत बसले. मला वाटलं, आता जागा चुकली म्हणतील. पण ते उठले, चपला काढून नावेत ठेवल्या, धोतर वर खोचलं आणि मी हात द्यायच्या आत पाण्यात उतरले. पाणी गुडघ्याच्या जरा वर आलं.

पुढच्या पावसाळ्यात इथं पुन्हा बांबू पुरणार नाही, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. दिलीपच्या तोंडात सहसा काही राहत नाही. पण हे राहिलं. तो माझ्यासारखाच दुसरीकडं बघत होता. मला तर रडू येत होतं.

तात्यांनी एक पाऊल टाकलं, मग दुसरं. जमीन घट्ट आहे का ते बघावं तसं. मग वाकले, ओंजळभर पाणी घेतलं, सोडलं आणि अंगणात चहा मागतात त्याच साध्या आवाजात म्हणाले,

"पारू, टेकत्यात गं पाय."