स्वॅप आणि सर्व

क्लस्टर उभं करणं म्हणजे आपल्या हातचा मळ, असं मी साहेबांना छाती फुगवून सांगितलं होतं. कीर्तनात बुवांचा श्वास सरला की मागचे टाळकरी ध्रुपद उचलतात ना, अगदी तसं. एक यंत्र पडलं तर बाकीची काम उचलणार.

काम होतं डोळ्यांच्या दवाखान्यातल्या नंबरांच्या फलकाचं. तो अजून जुन्या लिनक्स सर्व्हरवरच चालत होता, आणि त्या फलकाखाली बसले होते आमचे सासरे. मोतिबिंदू पिकून दगड झाला, तरी वर्षभर डॉक्टरांना हुलकावण्या देत होते. आज बायकोने त्यांना कसंबसं धरून नेलं होतं. आज निसटले, की नजर गेलीच म्हणायची.

इकडे नवी यंत्रं रुसली. मेमरी कमी पडली की लिनक्स डिस्ककडून उसनी जागा घेतो, तो स्वॅप. तो चालू असेपर्यंत आम्ही उठणार नाही, असं त्यांचं म्हणणं. मी सर्व्हरच्या खोलीतल्या अण्णांना फोन लावला. तिथे पंख्यांची घरघर अशी, की पिठाची गिरणी बरी.

"अण्णा, स्वॅप बंद करा."

"सर्व बंद?"

"हो, स्वॅप."

"बघा हं. सर्व?"

"अहो, निःशंक करा."

चूक त्यांचीही नाही. 'सर्व त्याच्या इच्छेनं' हे माझं पालुपद. सर्व म्हणणारा माणूस सर्वच म्हणणार. अण्णांनी निःशंक मनाने सर्व बंद केलं. नवी यंत्रं, आणि जुनंही.

लगेच बायकोचा फोन.

"अहो, फलक काळा पडलाय. बाबा चपला घालतायत."

"दे त्यांना."

"जावईबापू," सासऱ्यांचा आवाज कमालीचा प्रसन्न, "वरून संकेत आला. निघतो मी."

"बाबा, तो संकेत नाही. ते माझं क्लस्टर आहे."

"सर्व त्याच्या इच्छेनं चालतं, हे तुम्हीच सांगता ना?"

फोन कटला. मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरलो, जुना सर्व्हर चालू केला आणि त्याच्यापुढे हात जोडून उभा राहिलो. तो सावकाश जागा होत होता, जणू त्याचे सासरे कुठेच निघाले नव्हते. मग पुन्हा फोन वाजला.

"दारापर्यंत पोचले होते," बायको म्हणाली. "नर्सबाईंनी भर गर्दीत नावानं हाक मारली. सगळे वळून बघायला लागले, मग काय, गेले मुकाट आत."

"फलक येतोय आता."

"घाई करू नका म्हणाल्या त्या. नावानं बोलावलं की रांग भराभर सरकते."

नामाचा महिमा मी जन्मभर ऐकत आलोय. साहेबांना तो कसा सांगायचा, तेवढं मात्र कुठल्याच बुवांनी सांगितलं नाही.