गुलाबी चौकोन

दर रविवारी सकाळी अकरा वाजता आमची बेल वाजते आणि समोरच्या फ्लॅटमधले देवतळे साहेब स्टीलचा डबा पुढे करून बर्फ मागतात. त्यांच्याकडे फ्रिज आहे, आमच्यापेक्षा मोठा. पण त्यातला बर्फ म्हणे ढगाळ होतो. "तुझा बर्फ काचेसारखा आहे गा," म्हणतात. चार वर्षं झाली, हा माणूस आणि त्याचा डबा मी सहन करतो आहे.

साहेब पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होते. धरणांचे नकाशे काढण्यात जन्म गेला. रिटायर झाल्यावर लोक देवळात जातात, नाहीतर सुनेच्या चुका काढतात. यांनी सिंगापूर स्लिंग नावाचं पेय घरी बनवायला घेतलं. जिन, अननसाचा रस, चेरीची दारू, लिंबू, डाळिंबाचं सरबत आणि वर दोन-तीन भानगडी, असं ते गुलाबी प्रकरण. त्यांच्या फ्रिजवर त्याचा चक्क नकाशा चिकटवलेला आहे: उंच ग्लासाचा उभा छेद, प्रत्येक जिनसाला बाण, खाली स्केल आणि कोपऱ्यात, रंग कसा हवा ते दाखवायला, नखाएवढा गुलाबी चौकोन. माप खोकल्याच्या औषधाच्या झाकणाने, थेंब ड्रॉपरने. काही विचारलं की एकच उत्तर, "डिझाइन म्हणजे डिझाइन. थेंब इकडचा तिकडे झाला की धरण गेलं."

मूळ कृतीत जडीबुटीची एक परदेशी दारू आहे. ती मिळेना, तर साहेबांनी आयुर्वेदाच्या दुकानातून दशमूलारिष्ट आणलं. पहिला ग्लास अर्थातच मला पाजला. घोट घेतल्याबरोबर मी ओळखलं. बायकोच्या दोन्ही बाळंतपणांत घरात हाच वास होता.

"साहेब, हे बाळंतिणीला देतात."

"मंग? जडीबुटी पाह्यजे होती ना? यात तं दहा आहेत."

हेही मी गिळलं. माझं खरं दुखणं अननसाचं आहे.

मी सीताबर्डीच्या फुटपाथवर कपबशा विकत मोठा झालो. आज सदरला माझं काचसामानाचं दुकान आहे. भाव पाडायला मला कोणी शिकवलं नाही, ते उपाशीपोटी आपोआप आलं. माल हातात घ्यायचा, नाक मुरडायचं, नसलेली खोट दाखवायची आणि पाठ फिरवायची. मागून हाक येतेच. एकदा सीताबर्डीच्या बाजारात अननस घ्यायला गेलो, तेव्हा साहेब सोबत होते. अननसवाल्याला मी पंधरा मिनिटं शिजवला होता. दोनदा पाठ फिरवून झाली होती. तिसऱ्यांदा फिरवली, तो तोंड उघडणार, एवढ्यात साहेबांनी नोट काढून त्याच्या हातात ठेवली. "तू बोलला तेवढेच घे बापा."

तेव्हापासून तो अननसवाला मला लांबूनच पाहून विचारतो, "साहब नहीं आए?"

माझ्या दुकानातून सहा उंच ग्लास नेले तेव्हाही तेच. मी खाली उतरायला जागा ठेवून भाव सांगितला होता. साहेबांनी तोच दिला. फायदा झाला, नाही म्हणत नाही. पण घासाघीस न करता गेलेला माल मला चोरीला गेल्यासारखा वाटतो.

पेय तयार झालं की साहेब ते पीत नाहीत. ग्लास खिडकीपाशी नेऊन त्या गुलाबी चौकोनाशेजारी धरतात आणि हाक मारतात, "कुसुम, रंग?" वहिनी मेथी निवडणं थांबवतात, चष्मा लावतात, नीट पाहतात. "उलीसा फिका." साहेब नकाशावर पेन्सिलीने काहीतरी टिपतात, आणि तो फिका ग्लास दशमूलांसकट माझ्या गळी उतरतो.

गेल्या रविवारी माझा संयम सुटला. जिनमध्ये मुरत घातलेल्या संत्र्याच्या सालींची बरणी आणायला साहेब गच्चीवर गेले होते. मी बर्फाचा डबा ओट्यावर आदळला. "वहिनी, तुम्ही दोघं सिंगापूरला जाऊन प्यायलात ना हे? मग चव घेऊन ठरवा. रंग काय पाहता?"

"कोन प्यालं, भाऊजी?" वहिनी म्हणाल्या. "चव ना यायले माहीत, ना मले."

मी स्टूल ओढून बसलो.

"रिटायर झाल्यावर टूरसंगं गेलो होतो. हॉटेलात बाजूच्या टेबलवर एका बाईनं मागवलं होतं. रंग इतका गोड, मी म्हटलं, मलेही पाह्यजे. उभ्या जन्मात पह्यल्यांदा काही मांगितलं असन. हे लागले वेटरशी भाव करायले. दोघांत एक देतो का, अर्धे घेतो का. त्यानं मॅनेजर आणला. सारे पाहून राह्यले होते. हे उठले, मलेही उठवलं. म्हणे, चल, घरी बनवून देतो." वहिनी हसल्या. "मले तं हसूच येऊन राह्यलं होतं. पन यायच्या मनाले लागलं ते. तेव्हापासून कुठंच भाव नाही करत."

"आणि रंग?"

"रंग तं दिवाळीतच जमला." त्यांनी आवाज खाली आणला. "पन सांगितलं तं हे थांबतीन. हप्ताभर खिडकीत बसून राह्यतेत, कोनी फोन नाही करत. रविवारी तेवढे उठतेत. ज्या मानसानं कधी पान्याचा ग्लास हातानं नाही घेतला, तो माह्यासाठी अननस सोलते."

जिन्यात पावलं वाजली. वहिनींनी मेथीची जुडी ओढली.

साहेबांनी थेंब मोजले, ढवळलं, ग्लास खिडकीपाशी धरला. "कुसुम, रंग?" कुकरची शिट्टी झाली आणि वहिनी तिकडे वळल्या. साहेबांनी ग्लास माझ्यापुढे केला. "तू सांग गा. तुझी नजर धंद्याची आहे."

मी ग्लास उजेडात धरला. चौकोनाशेजारी नेला. सुताचा फरक नव्हता. इतका तंतोतंत माल माझ्या दुकानात कधी आला नाही. मालात खोट काढण्यात माझं आयुष्य गेलं, पण त्यातून काही मिळायचं नसताना ती कधी काढली नव्हती.

मी नाक मुरडलं. "जरा फिका आहे, साहेब."

"वाटलंच मले." साहेबांनी पेन्सिल काढली. चांगलेच खूश दिसले. "पुढच्या रविवारी बर्फ जास्त जमवून ठेव."