अडकलेला सोनार आणि गंगूताईंचं हळकुंड

ही गोष्ट दोन हजार चोवीस सालची. हिंगोलीच्या एका छोट्या वस्तुसंग्रहालयात गोष्टी सांगणाऱ्या दागिन्यांचं प्रदर्शन भरलं होतं. गंगूताईंच्या सुनेनं, नीलांबरीनं, त्यात स्वतः घडवलेला चांदीचा हार ठेवला होता. मोठ्या संग्रहालयाच्या करुणा मॅडम तो बघायला संभाजीनगरहून येणार होत्या. पसंत पडला, तर हार कायमचा तिकडं जाणार!

नीलांबरी त्यांना घ्यायला स्टॅंडवर निघाली, तशा गंगूताई दाराशी खुर्ची टाकून बसल्या.

"जा तू बिनघोर! मी असताना इथून माशीसुद्धा काही नेऊ शकत न्हाई!"

हारात गंगूताईंच्या सासूबाईंच्या लग्नाची गोष्ट होती. लग्नाच्या दिवशी कुरुंदा गावच्या नदीला पूर आला, मंगळसूत्र आणणारा सोनार पलीकडच्या काठावर अडकला, मुहूर्त टळायला आला. शेवटी पिवळ्या दोऱ्यात हळकुंड बांधून लग्न लागलं! चांदीची बैलगाडी, डोक्यावर गाठोडं घेतलेला चांदीचा सोनार आणि मधोमध खरंखुरं हळकुंड. त्या सोनाराला शिव्या घालताना सासूबाई पोट धरून हसायच्या. ते हसू आठवत गंगूताई हार पदरानं पुसायला गेल्या.

आणि घात झाला! त्यांचं मंगळसूत्र टेबलाच्या खिळ्यात अडकून तुटलं. कोंबड्यांना दाणे टाकावेत तसे काळे मणी फरशीभर!

नवरा जिताजागता असताना गळा मोकळा? अशा वेळी तेवढ्यापुरतं हळकुंड बांधायचं, ही घरची रीत. सगळा मुलूख हळदीचा, पण राखण सोडून जायचं कसं? समोरच हळकुंड लोंबत होतं.

"सासूबाई, घटकाभर घेते हो!" म्हणत गंगूताईंनी ते दोऱ्यासकट सोडवलं आणि गळ्यात बांधलं.

तेवढ्यात त्यांचे यजमान विष्णुपंत चहा पिऊन आले.

"अहो, पळा! बाजारातून हळकुंड आणा!"

"काहून? आमटी करून राहिलीस का इथं?"

"तुमच्या आयुष्याचा प्रश्न हाय!"

विष्णुपंत घाबरून पळाले, तर फाटकातच मॅडमची रिक्षा! चहाच्या गाड्यावरचा आल्याचा तुकडा उचलून ते धापा टाकत परतले.

"हाच अडकव! लांबून कोण वळखतंय?"

करुणा मॅडम लांबून बघणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी वाकून वासच घेतला.

"नीलांबरी, हे तर आलं आहे!"

नीलांबरीचा चेहरा हळदीहून पिवळा! "आई, कोण येऊन गेलं इथं?"

"माशीसुद्धा न्हाई," गंगूताई पदर गळ्याशी आवळून म्हणाल्या.

"मग पोलिसांनाच बोलावते!"

पोलीस म्हणताच विष्णुपंतांचा धीर सुटला. "नको गं पोरी! माल हिच्याच गळ्यात हाय!"

पदर सरला. गंगूताई रडकुंडीला आल्या. "यांच्यापायी केलं गं! देते काढून, पण आधी दुसरं आणा!"

मॅडम इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "काढू नका! तुमच्या सासूबाईंची गोष्ट अजून चालूच आहे की! नीलांबरी, हारही यांच्याच गळ्यात घाला. हीच मांडणी राहू द्या."

दिवसभर गंगूताई हार घालून खुर्चीत बसल्या. शेजारी पाटी: 'हात लावू नये.'

"पाटी जुनीच हाय," विष्णुपंत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. "आज फक्त लिहून लावली!"

पुढं बाजारातून दुसरं हळकुंड आलं आणि हार संभाजीनगरच्या काचेत गेला. नीलांबरी तिथं मुलींना दागिने घडवायला शिकवते. करुणा मॅडम पर्समध्ये कायम एक हळकुंड बाळगतात म्हणे. विष्णुपंत ठणठणीत आहेत, फक्त चहावाला त्यांना बघून आलं झाकून ठेवतो.

गंगूताईंच्या गळ्यात मात्र अजून हळकुंडच! मंगळसूत्र सोनाराकडं आहे. त्याला फोन केला की तो म्हणतो, "रस्त्यातच अडकलोय, ताई!"