आठ तासांची अखंड झोप

रविवारी दुपारी जेवणाचं टेबल पुसून मामाने त्यावर गुहेचा नकाशा पसरला, तेव्हा चिऊच्या आईचा विचार निवांत कपड्यांच्या घड्या घालायचा होता. पण प्रत्येकाने एकेक पात्र व्हायच्या या खेळात दर वेळी वैद्य होणारी मामाची मैत्रीण तापाने आडवी झाली होती.

"ताई, तूच हो वैद्य," मामा म्हणाला. "नाहीतरी घरात दुसरं काय करतेस?"

"नियम सांग आधी. आणि टोमणे नकोत."

"प्रत्येकाकडे वीस प्राण. मार बसला की कमी होणार. शून्य झाले की खेळ खलास, कागद फाडायचा."

आईने चिऊपुढच्या कागदाकडे पाहिलं. नऊ वर्षांच्या लेकीने दोन महिने खपून स्वतःची योद्धा काढली होती. लाल वेणी, वाकडी ढाल, तलवारीला सुद्धा नाव.

"खरंच फाडायचा?"

"आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंय," चिऊ ताठ बसून म्हणाली. "रडायचं नाही असंही ठरवलंय." हे म्हणताना तिचा एक हात कागदावर होता.

"तुझ्याकडे बरं करायचे तीन मंत्र," मामा पुढे म्हणाला. "ते संपले की उपाय एकच. आठ तास अखंड झोप. सगळे प्राण परत. पण कुणी मध्येच उठवलं तर मोजणी पहिल्यापासून."

गुहेच्या तोंडाशीच चिऊची योद्धा दगडाला ठेचकाळली. एक प्राण गेला.

"मंत्र!" आई ओरडली.

"ताई, नुसतं खरचटलंय."

"दुर्लक्ष केलं की तेच चिघळतं. मंत्र म्हणजे मंत्र."

पुढे वटवाघळाचं नख लागलं. वटवाघूळ म्हटल्यावर आईने दुसरा मंत्र मामाचं वाक्य संपायच्या आत वापरला. तेवढ्यात चोर झालेल्या बाबाला बाण लागून त्याचे अकरा प्राण गेले. त्याने आशेने बायकोकडे पाहिलं.

"तू जरा टेकून बस. होईल कमी," ती म्हणाली.

तिसरा मंत्र तर कमालच. मामा सहज म्हणाला, "आत गार वारा सुटलाय," आणि आईने चिऊवर आगाऊच मंत्र टाकला.

"अगं, तिचे वीसच्या वीस आहेत! फुकट गेला!"

"गार वाऱ्यात काळजी नको घ्यायला?"

बाबाने आपले नऊ प्राण पुन्हा मोजले.

आणि मग चिऊ खड्ड्यात पडली. चांगली खोल. उरले दोन प्राण. समोर ड्रॅगन घोरत होता आणि मामाच्या वहीप्रमाणे तो नऊ तासांनी जागा होणार होता. चिऊने कागद स्वतःकडे ओढून घेतला.

"झोपव तिला," आई घाईघाईने म्हणाली. "आठ तास. पहारा मी देते."

"पहिला तास," मामा म्हणाला. "तू काय करतेस?"

"तिच्या कपाळाला हात लावून बघते. ताप..."

"जागी झाली. मोजणी पहिल्यापासून."

"अलगद लावला रे!"

"आई!" चिऊचा आवाज चिरकला. "आता बरोबर आठच उरले!"

आईने दोन्ही हात मांड्यांखाली दाबले. मामा तास मोजू लागला. एक. दोन. तिसऱ्या तासाला त्याच्या चेहऱ्यावर लहानपणापासूनचा खोडसाळपणा उमटला. "ती झोपेत कण्हतेय."

आईने ओठ चावला.

"पाचवा तास. पांघरूण सरकलंय."

"किती सरकलंय?"

"पायापर्यंत."

ती खुर्चीतून अर्धी उठली. नऊ प्राणांच्या चोराने तिचा दंड धरला. "बस. तिला काही होत नाही."

"थंडी आहे तिथे!"

"तरी बस."

ती बसली. सहावा तास, सातवा तास. खेळातल्या तासांना जेमतेम अर्धं मिनिट लागत होतं, पण तिच्या कपाळावर खरा घाम आला होता.

"आठ. सगळे प्राण परत."

चिऊने खुर्चीवर उभं राहून आरोळी ठोकली आणि ड्रॅगन डोळे चोळत असतानाच त्याच्यावर तुटून पडली. तिने आणि बाबाने मिळून चार डावांत त्याला लोळवलं. कागद शाबूत राहिला.

"आता वैद्यबाई झोपतील," मामा म्हणाला. "जागरण केलंय, मंत्र परत हवेत. पहारा कोण देणार?"

"मी!" चिऊ म्हणाली आणि पेन्सिल घेऊन ढालीवर ड्रॅगनचं चित्र काढायला बसली. मामाने सलग आठपर्यंत मोजलं. तिने मान वर केली नाही.

"कुणी उठवलं नाही. ताई, तीनही मंत्र परत. अभिनंदन."

आई लेकीकडे बघत राहिली. "आठ तास झाले. एकदाही डोकावली नाहीस?"

"डोकावायचं नसतं, आई. पेशंटची झोप मोडते."

"मला कळतं ते," आई म्हणाली आणि कपड्यांच्या टोपलीतला एक टॉवेल उगाचच घडी करायला घेतला. "तरी एखादी हाक तरी मारायचीस. मी जागीच होते."

मामाने कपाळावर हात मारून घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली.