लाल पाकोळी मागे घेताना

कुरामोचीसानांनी मान हलवली आणि तिथेच सगळं बिघडलं.

तसा त्यांचा त्यात काही दोष नव्हता. समोरचा बोलत असला की दर वाक्याला मान हलवायची, ही नोकरीत अंगवळणी पडलेली सवय. तिचा अर्थ ‘हो’ असा नव्हता, ‘मी जागा आहे’ एवढाच होता. पण तोकुनागाबाई पडल्या कार्टून स्टुडिओच्या मालकीणबाई, आणि मालकांना हललेली मान तेवढी दिसते.

“तर सेन्सेई, तुम्हाला अतामीहून आणायला आमचे कुरामोचीसान येतील,” बाई फोनवर सांगत होत्या. “स्वतः गाडी चालवत. ‘लाल पाकोळी’च्या जन्मदात्याला तिचा नवा दिग्दर्शक घेऊन येतोय, किती शोभून दिसेल. काय हो, कुरामोचीसान?”

मान हलली. पलीकडे होते निशिगोरी; त्यांना सगळे आदराने सेन्सेई, म्हणजे गुरुजी, म्हणत. तिकडून एक बारीकसा “हं” आला. बाईंनी तोही होकारात धरला.

‘लाल पाकोळी’ म्हणजे जमिनीवरून उडत गेल्यासारखी पळणारी लाल मोटार आणि तिचा जिगरबाज चालक दाइगो. कुरामोचीसान सहा वर्षांचे होते तेव्हा दर गुरुवारी संध्याकाळी टीव्हीवर तिच्या शर्यती लागत, आणि तेवढा वेळ तोक्योच्या गल्ल्यांत औषधाला पोर सापडत नसे. छोटा कुरामोची न्हाणीघरातल्या लाकडी स्टुलावर बसून भाताच्या डावाने गिअर बदलायचा. आता पन्नाशी उलटली होती, डोक्यावरचे केस गेले होते, पण ती हौस गेली नव्हती. तीच मालिका आजच्या पोरांसाठी नव्याने करायला मिळावी, एवढंच त्यांनी देवाकडे मागितलं होतं.

अडचण होती ती निशिगोरी सेन्सेईंची. मूळ चित्रकार तेच, वय शहाऐंशी, सगळे हक्क त्यांच्या मुठीत. चाळीस वर्षांत जो जो निर्माता त्यांच्या दारी गेला, तो हात हलवत परत आला. यंदा कधी नव्हे ते म्हणाले होते, एक भाग करा, बालवाडीतल्या मुलांना दाखवा, मी मुलांकडे बघेन आणि काय ते सांगेन. तो एक भाग करण्यात कुरामोचीसानांची दोन वर्षं गेली होती. सेन्सेई ‘नाही’ म्हणाले, तर तो भाग कायमचा कपाटात जाणार होता, आणि दुसरी संधी मिळण्याइतकं कुरामोचीसानांचं वय आता उरलं नव्हतं.

“पण अहो, तुम्हाला गाडी कुठे चालवता येते?” घरी त्यांच्या बायकोने, मिचियोबाईंनी, विचारलं.

“परवाना आहे माझ्याकडे. सोनेरी पट्टीचा. तीस वर्षांत एक अपघात नाही.”

“माझ्या लग्नातल्या किमोनोवरही एक डाग नाही. कपाटातून बाहेर निघेल तर पडेल ना.”

खरंच होतं ते. परवाना मिळाला त्या दिवसापासून कुरामोचीसान रेल्वेनेच फिरत होते. आता मालकीणबाईंना खरं सांगावं, तर शर्यतींच्या मालिकेचा दिग्दर्शक गाडीला घाबरतो ही बातमी सेन्सेईंपर्यंत पोहोचायला कितीसा वेळ लागणार? न सांगावं, तर सेन्सेईंच्या जिवाशी गाठ. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली. शेवटी मिचियोबाईंनी रविवारी त्यांना सुपरमार्केटमागच्या मोकळ्या आवारात फिरवलं, कपाळाला हात लावला, आणि निघताना त्यांच्या पिशवीत नवशिक्यांनी गाडीला चिकटवायचं ते हिरवं-पिवळं पान टाकलं.

“लाजू नका, लावा. लोक चार हात लांब राहतील.”

ठरल्या दिवशी ते सकाळच्या रेल्वेने तोक्योहून अतामीला उतरले. स्टेशनाबाहेर भाड्याची मोटार तयार होती. बाईंनी मुद्दाम लाल सांगितली होती. दुकानातल्या मुलीने परवान्याची सोनेरी पट्टी पाहिली आणि कमरेतून वाकली. “तुमच्यासारख्यांना आम्ही काय सांगायचं,” असं म्हणून तिने एकही बटण समजावून दिलं नाही.

सेन्सेई कडक सुटात आपल्या घराच्या फाटकाशी उभे होते. त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग पानाकडे पाहिलं.

“हे काय?”

“लालवर उठून दिसतं, सेन्सेई.”

“हं.” सेन्सेई शेजारी बसले, पट्टा बांधला, दारावरची मूठ दोन्ही हातांनी आवळली आणि डोळे गच्च मिटून घेतले. म्हातारा घरूनच रागावून निघालाय, असं कुरामोचीसानांना वाटलं.

द्रुतगती मार्गावर जायचं तर धावत्या गाड्यांच्या मध्ये घुसावं लागतं. ते काही आपल्याच्याने होणार नाही, हे त्यांनी आधीच ओळखलं होतं. म्हणून समुद्राकाठचा जुना रस्ता धरला. पण जुन्या रस्त्याला चौक असतात, आणि चौकात उजवीकडे वळायचं तर समोरून येणाऱ्या गाड्यांना आडवं जावं लागतं. त्याचीही छाती होईना. तीनदा डावीकडे वळलं की एकदा उजवीकडे वळल्यासारखं होतं, असं गणित त्यांनी मांडलं. गणित बरोबर होतं, वाटेतल्या ओदावारा गावाच्या गल्ल्या चुकीच्या होत्या.

एका माशांच्या वड्यांच्या दुकानावरून ते पहिल्यांदा गेले तेव्हा दारातल्या बाईने नुसतं पाहिलं. दुसऱ्यांदा तिने वाकून नमस्कार केला, तेव्हा सेन्सेईंनी एक डोळा उघडला. तिसऱ्यांदा दुसराही उघडला.

“कुरामोचीसान, हे दुकान मघाशी लागलं होतं.”

“ओदावारात अशी पुष्कळ आहेत, सेन्सेई.”

“बाई तीच आहे.”

“बहिणी असतील.”

चौथ्यांदा ती बाई वड्यांचं ताट घेऊन रस्त्यावरच येऊन उभी राहिली. सेन्सेईंनी काच खाली केली. “इतक्यांदा दारावरून जाऊन काही न घेणं बरं दिसत नाही,” असं म्हणून त्यांनी एक पुडा घेतला, आणि मूठ सोडून चक्क खायला लागले. तेवढ्यात फोन वाजला. कुरामोचीसानांचे दोन्ही हात स्टिअरिंगला चिकटलेले. तेव्हा सेन्सेईंनीच उचलला.

“कुठवर आलात हो?” तोकुनागाबाई विचारत होत्या. “मुलं वाट बघतायत.”

“दुकानापर्यंत.”

“कुठल्या दुकानापर्यंत, सेन्सेई?”

“मघाशी आलो होतो त्याच.”

ओदावारा कसंबसं मागे पडलं. त्यानंतर मागे गाड्यांची रांग लागू लागली. रांग लांबली की कुरामोचीसान कडेला थांबत आणि सगळ्यांना पुढे जाऊ देत. पुढे जाणारा प्रत्येक जण तिकडच्या रिवाजाप्रमाणे मागचे पिवळे दिवे लुकलुकवून आभार मानी. आता आभार नुसते घेऊन गप्प कसं बसायचं? कुरामोचीसानही उलट लुकलुकवत. आधी दिव्यांऐवजी काच पुसायचे दांडे सुरू होत, पण योकोहामा येईपर्यंत हात बसला.

“शर्यतीत कुणी कुणाचे आभार मानत नाही,” सेन्सेई खिडकीबाहेर बघत म्हणाले.

“चुकलंच माझं, सेन्सेई.”

सेन्सेईंनी आणखी एक वडी तोंडात टाकली. कुरामोचीसान गाडी हाकत राहिले. आपली दोन वर्षं कपाटात गेली, हे त्यांनी मनाशी जवळजवळ मान्य केलं होतं.

तोक्योच्या नेरिमा भागातल्या त्या बालवाडीत पोहोचेपर्यंत मुलांचा दुपारचा खाऊही आटोपला होता. सगळी कुंपणाला नाकं लावून उभी होती. गाडीसाठी सोडलेली जागा होती शाळेची बस आणि मुलांनी लावलेला ट्यूलिपचा वाफा यांच्या मध्ये, आणि वर पाटी होती, ‘गाडी मागे घेऊन लावावी.’

कुरामोचीसानांनी गाडी मागे घेतली. ती बसकडे गेली. पुढे घेतली, पुन्हा मागे घेतली, तर ती वाफ्याकडे गेली.

“येऊ द्या, येऊ द्या,” एक पाच वर्षांची मुलगी पुढे येऊन हात हलवायला लागली. तिचं नाव कोहारू. तिचे वडील ट्रक चालवत, त्यामुळे या कामातला तिचा अधिकार सगळ्यांना मान्य होता. “येऊ द्या, येऊ द्या... बास, फूल आहे.”

मग सगळी बालवाडीच ओरडू लागली. येऊ द्या, येऊ द्या, बास. दर खेपेला गाडी फुलांशी येऊन थांबायची, मुलं श्वास रोखायची, कुरामोचीसान पिवळे दिवे लुकलुकवून माफी मागायचे, आणि मुलं वाकून त्यांना माफ करायची. शेवटी एकदाची गाडी, थोडी तिरकी का होईना, आत बसली. एकही फूल न मोडता. मुलांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. दोघीतिघींच्या तर डोळ्यांत पाणी आलं.

मग सगळ्यांना आत बसवून भाग लावला. पडद्यावर लाल पाकोळी ताशी तीनशेच्या वेगाने दरीवरून झेपावली, वळणावर ठिणग्या उडाल्या, दाइगोने दात आवळले. कुरामोचीसान पडद्याकडे न बघता मुलांकडे बघत होते. मुलं शहाण्यासारखी बसली होती, आणि तेच वाईट होतं.

“याने मागच्याला आभार म्हटलं नाही,” एक मुलगा हळूच म्हणाला.

“हा मागे कधी येणार?” दुसऱ्याने विचारलं.

“येत नसेल त्याला,” कोहारू म्हणाली, आणि उठून खिडकीपाशी जाऊन बाहेरची लाल गाडी बघत उभी राहिली. तिच्यामागे आणखी चार गेली. शेवटी बालवाडीच्या बाईंनी सांगितलं म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तोकुनागाबाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

सेन्सेई उठले आणि दाराशी मुलांच्या बुटक्या बाकावर बसून बूट घालू लागले. कुरामोचीसान त्यांच्यासमोर जाऊन उकिडवे बसले. आता गमावण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

“सेन्सेई, एक सांगायचं होतं. मला गाडी चालवता येत नाही.”

“ते दुकानापाशी तिसऱ्यांदा आलो तेव्हाच कळलं.” सेन्सेईंनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. “आता माझं ऐका. मला गाडी लागते.”

कुरामोचीसान आणखी जवळ सरकले. “पण मग... लाल पाकोळी?”

“घरी चटईवर बसून काढली. चटई कुठे लागते? आणि मालिका गाजल्यावर जो येई तो मला खूश करायला आपल्या सुसाट गाडीत घाली. पहिल्या वळणालाच माझे हाल. त्या अवस्थेत तोंडून ‘नाही’ एवढंच निघायचं. चाळीस वर्षं तेवढंच निघालं. आज पहिल्यांदा गाडीत बसून मी काही खाल्लं, समुद्र पाहिला.” ते जरा थांबले. “मुलांकडेही पाहिलं. करा तुम्ही मालिका. पण दर भागात पाकोळी शेवटी गाडी मागे घेऊन लावेल. सावकाश, चुकत चुकत. आणि आभार मानेल.”

कुरामोचीसानांचे डोळे भरून आले. त्यांना मान हलवायचंही सुचलं नाही.

बाहेर मात्र नवाच घोळ झाला होता. मुलांना घरी सोडायला बस काढायची, तर लाल गाडी तिरकी असल्यामुळे बस निघेना. गाडी पुढच्या कोपऱ्यात लावायला हवी होती, आणि ते कुरामोचीसानांवर सोडलं असतं तर बस संध्याकाळपर्यंत निघाली नसती. त्यांनी बायकोला फोन केला. घर जवळच होतं. मिचियोबाई आल्या, स्टिअरिंगमागे बसल्या, गाडी सर्रकन बाहेर काढली आणि एका झटक्यात मागे घेऊन कोपऱ्यात सरळ लावून टाकली. “येऊ द्या” म्हणायला तोंड उघडलेली मुलं तशीच राहिली.

“झालं?” एका मुलाने विचारलं.

“काकूंना येत नाही,” कोहारूने त्याची समजूत घातली. “शिकतील हळूहळू.”

तोकुनागाबाई मात्र खूश झाल्या. “वा, मिचियोसान, काय हात आहे तुमचा. सेन्सेईंना तुम्हीच सोडा अतामीला, द्रुतगती मार्गाने. अंधार पडायच्या आत पोहोचाल. चालेल ना, सेन्सेई?”

सेन्सेईंची मान हलली. आणि पाठोपाठ त्यांनी कुरामोचीसानांकडे अशा नजरेने पाहिलं की बुडणारा माणूसही इतक्या आर्जवाने बघत नसेल.

कुरामोचीसान पुढे झाले. त्यांनी बायकोच्या हातून किल्ली घेतली, सुटत आलेलं पान गाडीवर नीट दाबून बसवलं आणि दार उघडून धरलं.

“मी सोडतो, सेन्सेई. ओदावारावरून जाऊ. चालेल?”

या वेळी सेन्सेईंनी मान हलवली नाही. “हो,” म्हणाले.