हेडक्लार्कच्या नडग्या

सासरच्या मंडळींबरोबर बर्फातल्या सहलीला जाताना स्कीचे बूट भाड्याने घ्यायचे नाहीत, स्वतःचे विकत घ्यायचे, असं हेडक्लार्कनी ठरवलं आणि तिथेच सगळं बिनसलं. कारण झाला मेहुण्याचा फोन. "भावजी, ते बूट नडग्या सोलून काढतात. तुम्ही आपले हॉटेलात आईजवळ बसा, सामान सांभाळा. बर्फावर आम्ही जातो."

"मी काय हमाल आहे?" हेडक्लार्क गरजले. (फोन ठेवल्यावर. त्याआधी ते फक्त "बघू" म्हणाले होते.)

बूट घेताना त्यांनी नेहमीप्रमाणे दोन नंबर मोठे घेतले. (पन्नाशी उलटली तरी पाय वाढायची आशा सुटली नव्हती.) पाय आत डुगडुगायला लागला तेव्हा मोज्यांचे तीन जोड चढवले, वरून पायजमा कोंबला आणि घरभर ठक् ठक् फिरू लागले. सवय व्हायला हवी! पहिल्या दिवशी नडग्या लाल झाल्या, दुसऱ्या दिवशी निळ्या.

"अहो, काढा ते," बायको म्हणाली. "खालच्या बाई विचारून गेल्या, तुमच्याकडचा सुतार कधी जाणार म्हणून."

"मेलो तरी काढणार नाही!"

"मग निदान कण्हू तरी नका."

"कण्हत नाहीये. पावलं मोजतोय."

चौथ्या दिवशी जिना उतरवेना, तेव्हा तिने त्यांना दंडाला धरून दुकानात नेलं. बूट बसवून देणारा म्हातारा कारागीर एकेक मोजा ओढत गेला.

"अजून आहेत?"

"एकच."

"साहेब, पाय आत सरकतो, म्हणून नडगी पुढे आपटते. मोजे कोंबून ते थांबत नाही." त्याने दोन नंबर लहान बूट आणले, एकच पातळ मोजा ठेवला, पायजमा बाहेर काढला. "टाच मागे ठोका. गुडघे वाकवा. आता बकलं लावा."

हेडक्लार्क उभे राहिले आणि कळ यायची वाट बघू लागले. ती आलीच नाही.

मग काय! जेवताना बूट, पेपर वाचताना बूट. सासूबाईंना रोज फोनवर टाचेपासून बकलापर्यंत सविस्तर व्याख्यान. शेवटी मेहुण्यासमोर व्हिडिओ कॉलवर दोन तास ताठ मानेने उभे. "बोला! कोण बसणार हॉटेलात?"

बर्फावर जायच्या सकाळी हॉटेलात सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही सगळे गेल्यावर मी काय भिंती बघत बसू? जावईबापू, आणा बरं ते बूट. बघते घालून."

"घाला की!" हेडक्लार्क हसले. जिंकलेला माणूस उदार असतो.

सासूबाईंनी टाच ठोकली, गुडघे वाकवले, बकलं लावली. बूट माप घेऊन शिवल्यासारखे बसले. जावई काही बोलायच्या आत त्या दाराबाहेर होत्या.

संध्याकाळी त्या लालबुंद गालांनी परतल्या, तेव्हा हेडक्लार्क सात बॅगांच्या मधोमध बसले होते.

"जावईबापू, नडगीला एवढंसंही काही झालं नाही हो! काय मेहनत घेतलीत माझ्यासाठी! उद्या जरा लवकर निघते म्हणते."